बसून रंधा मारायचा बाक

सुतारकामाचं टेबल घेताना बहुतेक जण लांबी-रुंदी मोजतात. आधी पाहावी ती उंची. रंधा मारताना जोर दंडांपेक्षा कमरेतून आणि पायांतून येतो, म्हणून टेबल मनगटाच्या आसपास, साधारण 80 ते 85 सेंटिमीटर असावं. पटाशीचं बारीक काम याच उंचीवर केलं, की पाठ बोलू लागते. त्याला कोपराजवळची उंची हवी.

आणि उभं राहणंच जमत नसेल तर? इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या एका भित्तिचित्रात पंखवाली बाळं बुटक्या बाकावर करवत चालवताना दिसतात. अशा गुडघाभर उंचीच्या बाकावर बसायचं आणि लाकूड मांडीखाली दाबायचं. शरीराचं वजनच शिकंजा होतं. आपले सुतार जमिनीवर बसून पायानं लाकूड धरतात, पण दुखऱ्या गुडघ्यांना तिथून उठणं जड जातं. बाकावरून उठता येतं, आणि काम संपल्यावर तो पलंगाखाली सरकतो.

घडीचं टेबल जागा वाचवतं, पण हलकं असल्यानं रंध्याच्या रेट्याबरोबर सरकतं. वजन कमी म्हणजे जमिनीशी घर्षणही कमी. ‘लोटस एलान’ मोटारीचे रचनाकार रॉन हिकमन यांच्या ‘वर्कमेट’ या घडीच्या टेबलात यावर साधी युक्ती होती : खालच्या पायरीवर एक पाय ठेवायचा. चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्याला मात्र ही पायरी अडते. त्याच्यासाठी भिंतीला बिजागरीनं जोडलेली, खालून मोकळी जाड फळीच बरी. रेटा भिंतीच्या दिशेनं द्यावा.