पार्सल, पावती आणि धीर

दूरच्या गांवाहून आलेलें खोकें उघडतांना लहानथोर सर्वांसच आनंद होतो. परंतु खोकें आलेंच नाहीं, किंवा आलें तें फुटकें निघालें, म्हणजे त्या आनंदाच्या जागीं संताप येतो. आणि संतापाच्या भरांत मनुष्याच्या हातून दोनपैकीं एक चूक होते. एक तर तो समोर दिसेल त्याच्यावर आरोप करतो, नाहीं तर "आपलें नशीब" म्हणून गप्प बसतो. या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे, व तो शाळेंतील मुलासहि चालतां येण्यासारखा आहे. तो सांगण्यापूर्वीं एक घडलेली हकीकत सांगतों.

कांहीं वर्षांमागें आमच्या नववीच्या वर्गानें विज्ञान प्रदर्शनाकरितां वर्गणी काढून एक सूक्ष्मदर्शक यंत्र ऑनलाईन मागविलें. किंमत ३,४०० रुपये. त्यांतील पुष्कळ रुपये खाऊच्या पैशांतून वांचविलेले होते. एका मुलीनें तर सुट्टींत आईबरोबर शेवया करून विकल्या व आपला वांटा भरला. कुरिअरवाला आला तेव्हां शाळा सुटली होती. शिपाईमामांनीं सही करून पार्सल ठेवून घेतलें. दोन दिवसांनीं वर्गांत खोकें उघडलें, तों भिंग तडकलेलें व नळी वांकलेली! विक्रेत्यास कळवितांच उत्तर आलें कीं, "माल सुस्थितींत मिळाल्याची सही आमच्याजवळ आहे, सबब पैसे परत मिळणार नाहींत." वर्गांत कुजबुज सुरू झाली कीं, मामांच्याच हातून खोकें पडलें असावें. खेदाची गोष्ट ही कीं, क्षणभर माझ्याहि मनांत तोच विचार आला. मामा कोणासच कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं मजपाशीं येऊन इतकेंच म्हणाले, "सर, माझ्या पगारांतून कापून घ्या, पण मुलांचे पैसे बुडूं देऊं नका."

सुदैवानें खोकें कोणी टाकून दिलें नव्हतें. तें पुन्हां बारकाईनें पाहिलें, तों त्याचा एक कोपरा आंत दबलेला, आणि नेमकी त्याच जागेवर कुरिअर कंपनीचें नांव छापलेली चिकटपट्टी मागाहून लावलेली आढळली. म्हणजे खोकें शाळेच्या फाटकांत येण्यापूर्वींच फाटलें होतें, व वाटेंत कोणी तरी तें सांधलें होतें. तेव्हां आम्ही भांडण बाजूस ठेवून कागद हातीं घेतला. अशा वेळीं प्रत्येकानें काय करावें, तें आतां क्रमानें सांगतों.

पहिला प्रश्न हा कीं, जाब कोणास विचारावा? आपण वस्तु विकत घेतली असेल, तर आपला करार विक्रेत्याशीं असतो. कुरिअर त्यानें निवडलेला असतो, आपण नव्हे. विक्रेता म्हणतो कुरिअरकडे जा, कुरिअर म्हणतो विक्रेत्याकडे जा. या टोलवाटोलवींत सांपडूं नये. २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें वस्तु सदोष असेल, जाहिरातींत सांगितल्याप्रमाणें नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोंचली असेल, तर ती परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. उशीर पूर, भूकंप अशा अपरिहार्य कारणानें झाला असेल तर मात्र गोष्ट निराळी. त्याच नियमांनीं अशा प्रत्येक कंपनीस तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानें ४८ तासांच्या आंत तक्रारीची पोंच द्यावी व एका महिन्याच्या आंत तिचें निवारण करावें, असा दंडक आहे.

दुसरी गोष्ट पार्सल स्वीकारण्याची. सही करण्यापूर्वीं खोकें चारी बाजूंनीं पाहावें. तें दबलेलें, भिजलेलें वा पुन्हां चिकटविलेलें दिसल्यास पावतीवर तसा शेरा लिहावा, व पार्सल आणणाऱ्याच्या देखत छायाचित्र काढावें. मौल्यवान वस्तु असेल तर खोकें उघडतांनाचें चित्रीकरण करावें. पार्सल हातीं येण्यापूर्वीं ओ. टी. पी. सांगूं नये. वस्तु परत करण्याची मुदत प्रत्येक विक्रेत्याची निराळी व पुष्कळदां थोड्या दिवसांचीच असते. म्हणून खोकें त्याच दिवशीं उघडावें, व सर्व ठीक आहे अशी खात्री होईपर्यंत वेष्टन टाकूं नये.

पार्सल मिळालें नसतांहि मोबाईलवर "पोहोंचलें" असा निरोप आला, तर प्रथम शेजारी, पहारेकरी व घरचीं माणसें यांस विचारावें. पत्ता न लागल्यास त्याच दिवशीं लेखी कळवावें, व कोणी सही केली, किती वाजतां, कोणत्या दारीं, याचा पुरावा मागावा. हें करतांना पार्सल आणणाऱ्या तरुणास शिव्या देऊं नयेत. तो उन्हांतान्हांत दारोदार फिरत असतो. वस्तु त्यानें बांधलेली नसते, आणि पैसे परत करणें त्याच्या हातीं नसतें.

तिसरी गोष्ट, आपणच पार्सल पाठवितों तेव्हांची. या वेळीं आपला करार कुरिअरशीं असतो, व त्याच्या अटी पावतीवर बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. त्या न वाचतां सही करण्याचा परिणाम काय होतो, याचा एक निवाडा प्रसिद्ध आहे. भारती निटिंग कंपनी या संस्थेनें जर्मनीस पाठविलेलीं मालाचीं कागदपत्रें कुरिअरकडून पोहोंचलींच नाहींत. दुसऱ्या प्रती जाईपर्यंत तेथील हंगाम संपला, व ग्राहकानें मालाची किंमत कमी दिली. नुकसान मोठें होतें. परंतु सही केलेल्या चिठ्ठीवर जबाबदारीची मर्यादा १०० डॉलर अशी छापलेली होती. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मर्यादा कायम ठेवली. म्हणून मौल्यवान वस्तु पाठवितांना तिची खरी किंमत पावतीवर लिहावी व विमा उतरवावा. मूळ दाखले व गुणपत्रिका तर शक्य तों स्वतःच नेऊन द्याव्या.

टपालखात्याची गोष्ट थोडी निराळी आहे. १८९८ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आहे; पण हरवणें, उशीर वा नुकसान यांची जबाबदारी खात्यानें स्वतःच्या नियमांपुरतीच पत्करावी, हें तत्त्व दोहोंतहि आहे. तेव्हां टपालानेंहि मोलाची वस्तु विमा उतरवूनच पाठवावी. वसतिगृहांत येणाऱ्या मुलाची ट्रंक व गादी मालवाहतूक कंपनीच्या ट्रकनें पाठविली असेल, तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणें माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत नुकसानीची लेखी सूचना द्यावी लागते. ती दिली नाहीं तर पुढें दावा चालत नाहीं.

चौथी गोष्ट तक्रारीच्या पत्राची. पत्र लहान असावें. त्यांत विशेषणें नसावीं, तारखा असाव्या. नमुना असा: "अमुक तारखेस अमुक क्रमांकाची मागणी नोंदविली. अमुक तारखेस पार्सल मिळालें. आंतील भिंग तडकलेलें आहे. पांच छायाचित्रें सोबत जोडलीं आहेत. पूर्ण किंमत अमुक तारखेपर्यंत परत मिळावी. न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल." दूरध्वनीवर बोलणें झाल्यास तक्रारीचा क्रमांक व वेळ वहींत टिपून ठेवावी.

इतकें करूनहि दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण जेथें राहतों तेथील आयोगापुढें जातां येतें. विक्रेत्याच्या गांवीं हेलपाटे घालावे लागत नाहींत. दिलेली किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, व १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृति या संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करतां येतो. हे हक्क कोणी सहज हातावर ठेवलेले नाहींत. पुण्यास १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापिली. अशा अनेकांच्या खटपटीनंतर १९८६ सालीं देशांत पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला.

एक धोक्याची सूचना येथें दिलीच पाहिजे. पार्सल हरवलें म्हणजे लोक घाईघाईनें इंटरनेटवर कंपनीचा क्रमांक शोधतात, आणि तेथें भामटे टपलेले असतात. क्रमांक नेहमीं पावतीवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. आपणांस पैसे मिळावयाचे असतां पिन किंवा ओ. टी. पी. द्यावा लागत नाहीं. जो तो मागतो तो चोर समजावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें.

आतां आमच्या यंत्राचें काय झालें तें सांगतों. दबलेला कोपरा, चिकटपट्टी व तडकलेलें भिंग यांचीं छायाचित्रें जोडून मुलांनीं स्वतः पत्र लिहिलें, व तें तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठविलें. पोंच दुसऱ्या दिवशीं आली. मग बारा दिवस कांहींच नाहीं. तेव्हां १९१५ वर तक्रार नोंदविली, आणि पहिल्या पत्रापासून एकविसाव्या दिवशीं सर्व ३,४०० रुपये परत आले. तोंपर्यंत प्रदर्शन होऊन गेलें होतें. मुलांनीं साध्या भिंगावर काम भागविलें, व त्यांस बक्षीस मिळालें नाहीं. पैसे परत आले तरी वेळ परत येत नाहीं, हेंहि या प्रकरणीं शिकावयास मिळालें.

परंतु त्याहून मोठें काम आधींच झालें होतें. चिकटपट्टी सांपडली त्याच दिवशीं सारा वर्ग मामांची क्षमा मागावयास गेला. सर्वांच्या पुढें मी होतों. पुराव्याचा उपयोग केवळ पैसे मिळविण्याकडेच होतो असें नाहीं. निरपराध्यावरचा डागहि त्यानें धुतला जातो.

पुढील वर्षीं नवें यंत्र आलें. मामांनीं खोकें चारी बाजूंनीं फिरवून पाहिलें, पावतीवर "तपासून घेतलें" असें लिहिलें, आणि मगच सही केली.