विदर्भ क्रिकेट संघाचा २०१७–१८ रणजी हंगाम

विदर्भ क्रिकेट संघाचा २०१७–१८ चा रणजी हंगाम हा या संघाच्या इतिहासातील पहिल्या रणजी विजेतेपदाचा हंगाम होय. फैज फझल याच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथील होळकर स्टेडियमवर दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला. विदर्भाचा संघ १९५७–५८ पासून रणजी करंडक स्पर्धेत खेळत होता. मात्र साठ वर्षांत त्याला एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचता आले नव्हते. गटातील अग्रस्थान आणि अंतिम सामन्यातील मोठा विजय यांमुळे हा हंगाम एकतर्फी वाटतो. प्रत्यक्षात कोलकाता येथील उपांत्य सामना विदर्भाने केवळ ५ धावांनी जिंकला होता आणि संपूर्ण हंगामाचा निकाल त्या निसटत्या फरकावर अवलंबून राहिला.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडक स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ भाग घेतात. विदर्भ क्रिकेट संघटनेचे कार्यक्षेत्र राज्याच्या पूर्वेकडील अकरा जिल्हे हे आहे. त्यांपैकी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पश्चिमेकडील पाच जिल्हे वऱ्हाड या नावाने ओळखले जातात. रणजी स्पर्धेच्या आरंभीच्या काळात या प्रदेशाचे प्रतिनिधित्व ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हा संघ करीत असे. पुढे प्रांतांची पुनर्रचना झाली आणि १९५७–५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ स्पर्धेत उतरला.

त्यानंतरची अनेक दशके विदर्भाची गणना दुबळ्या संघांत होत असे. विदर्भाचे खेळाडू अधूनमधून राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचत. प्रशांत वैद्य आणि उमेश यादव ही त्याची उदाहरणे होत. संघाला मात्र सातत्य राखता येत नसे. २००८ साली नागपूरजवळील जामठा येथे नवे स्टेडियम उभे राहिले. त्याच सुमारास निवासी अकादमी आणि वयोगटानुसार प्रशिक्षण यांवर संघटनेने भर दिला. बाहेरून आलेल्या अनुभवी खेळाडूंनी संघाला स्थैर्य दिले. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदे अनुभवलेला वसीम जाफर आणि पूर्वी कर्नाटकाकडून खेळलेला गणेश सतीश हे त्यांतील प्रमुख होत. मुंबईचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांची २०१७–१८ च्या हंगामासाठी प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. शिस्तीबाबत ते कठोर मानले जातात.

स्पर्धेचे स्वरूप

या हंगामात २८ संघांची प्रत्येकी सात संघांच्या चार गटांत विभागणी करण्यात आली होती. प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळी फेरीत सहा सामने आले आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीस पात्र ठरले. निर्णायक विजयासाठी ६ गुण होते; विजय एका डावाने किंवा १० गडी राखून मिळविल्यास एक वाढीव गुण मिळे. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघास ३ गुण आणि पिछाडीवरील संघास १ गुण दिला जाई.

सामने केवळ सहाच असल्यामुळे एखादा पराभव किंवा पहिल्या डावातील पिछाडीही संघाला महागात पडू शकत होती. बाद फेरीतील सामने पाच दिवसांचे आणि त्रयस्थ मैदानांवर होते.

साखळी फेरी

विदर्भाचा समावेश ‘ड’ गटात होता. या गटात बंगाल, पंजाब, हिमाचल प्रदेश, सेनादल, गोवा आणि छत्तीसगड हे अन्य संघ होते. विदर्भाने पंजाबचा एक डाव व ११७ धावांनी पराभव करून हंगामाची दमदार सुरुवात केली. बंगालवर कल्याणी येथे १० गडी राखून विजय मिळविला. गोव्याचाही डावाने पराभव झाला, तर सेनादलाविरुद्ध विदर्भ १९२ धावांनी विजयी ठरला. छत्तीसगड व हिमाचल प्रदेश यांच्याविरुद्धचे सामने अनिर्णित राहिले. चार विजय आणि दोन अनिर्णित सामने यांसह ३१ गुण मिळवून विदर्भाने गटात पहिले स्थान पटकाविले. दुसऱ्या स्थानावर बंगाल राहिला.

या यशाचा पाया सलामीच्या जोडीने घातला. फझल आणि संजय रामास्वामी यांनी वारंवार मोठ्या भागीदाऱ्या केल्या. त्यामुळे मधल्या फळीला निर्धास्तपणे खेळता आले आणि गोलंदाजांना पुरेशा धावांचे पाठबळ मिळाले.

उपांत्यपूर्व फेरी

उपांत्यपूर्व सामना ७ डिसेंबर २०१७ पासून सुरत येथे केरळविरुद्ध खेळला गेला. विदर्भाच्या २४६ धावांना उत्तर देताना केरळचा डाव १७६ धावांत आटोपला. जलदगती गोलंदाज रजनीश गुरबानी याने ३८ धावांत ५ बळी घेतले. दुसऱ्या डावात फझलच्या ११९ आणि अपूर्व वानखडेच्या १०७ धावांच्या आधारे विदर्भाने ९ बाद ५०७ धावांवर डाव घोषित केला. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने ४१ धावांत ६ बळी घेऊन केरळला १६५ धावांत रोखले. विदर्भाने हा सामना ४१२ धावांनी जिंकून प्रथमच रणजी स्पर्धेच्या उपांत्य फेरीत प्रवेश केला.

उपांत्य फेरी

कोलकाता येथील ईडन गार्डन्सवर १७ ते २१ डिसेंबर या काळात विदर्भाची गाठ कर्नाटकाशी पडली. कर्नाटकाने २०१३–१४ व २०१४–१५ असे सलग दोन हंगाम रणजी करंडक जिंकला होता. मयंक अगरवाल, करुण नायर, विनय कुमार आणि अभिमन्यू मिथुन असे नामवंत खेळाडू या संघात होते.

मिथुनने ४५ धावांत ५ बळी घेतल्याने विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपुष्टात आला. करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकाने ३०१ धावा करून ११६ धावांची आघाडी घेतली. या डावात गुरबानीने ९४ धावांत ५ आणि उमेश यादवने ४ बळी घेतल्यामुळेच ही आघाडी आणखी वाढली नाही. सामना अनिर्णित राहिला असता तर पहिल्या डावातील आघाडीमुळे कर्नाटक अंतिम सामन्यास पात्र ठरले असते. त्यामुळे विदर्भापुढे विजयाखेरीज अन्य पर्याय नव्हता.

दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या. गणेश सतीशने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ८१ धावा केल्या, तर सरवटेने ५५ आणि वानखडेने ४९ धावांची भर घातली. कर्नाटकापुढे विजयासाठी १९८ धावांचे लक्ष्य होते. चौथ्या दिवसअखेर कर्नाटकाची अवस्था ७ बाद १११ अशी झाली. अखेरच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा, तर विदर्भाला ३ बळी हवे होते.

पाचव्या दिवशी सकाळी तळाच्या फलंदाजांनी सामना कर्नाटकाकडे झुकविला. विनय कुमारने ३६ आणि मिथुनने ३३ धावा केल्या. श्रेयस गोपाल दुसऱ्या बाजूने २४ धावांवर नाबाद राहिला. गुरबानीने मात्र उरलेले तिन्ही बळी मिळविले. कर्नाटकाचा डाव १९२ धावांत आटोपला, तेव्हा विजयासाठी आणखी सहा धावांची आवश्यकता होती. दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ आणि संपूर्ण सामन्यात १६२ धावांत १२ बळी अशी गुरबानीची कामगिरी राहिली. पुणे येथील दुसऱ्या उपांत्य सामन्यात दिल्लीने बंगालचा डावाने पराभव केला होता.

अंतिम सामना

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सुरू झाला. भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर गेलेला उमेश यादव विदर्भाला उपलब्ध नव्हता. त्याच्या जागी अकोल्याचा एकोणीस वर्षांचा जलदगती गोलंदाज आदित्य ठाकरे याला स्थान मिळाले. अशा प्रकारे त्याचे प्रथम श्रेणी क्रिकेटमधील पदार्पण थेट रणजी अंतिम सामन्यात झाले.

नाणेफेक जिंकून फझलने क्षेत्ररक्षण स्वीकारले. ठाकरेने डावाच्या आरंभीच सलामीवीर कुणाल चंडेला याला शून्यावर बाद केले. या डावात त्याला दोन बळी मिळाले. दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ धावांची झुंजार खेळी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि शोरी यांना सलग तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केले. रणजी अंतिम सामन्यातील ही केवळ दुसरी हॅटट्रिक होती. यापूर्वी १९७२–७३ च्या हंगामात तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम याने मुंबईविरुद्ध अशी कामगिरी केली होती. दिल्लीचा डाव २९५ धावांत संपला; गुरबानीने ५९ धावांत ६ बळी घेतले.

विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर उभारला. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. त्याचे प्रथम श्रेणीतील हे पहिलेच शतक होते. सरवटेने ७९, जाफरने ७८, सिद्धेश नेरळने ७४ आणि फझलने ६७ धावांचे योगदान दिले. चौथ्या दिवशी नितीश राणा (६४) व शोरी (६२) यांनी केलेला प्रतिकार अपुरा पडला. ऑफस्पिनर अक्षय वखरेच्या ४ बळींमुळे दिल्लीचा दुसरा डाव २८० धावांत गुंडाळला गेला. विजयासाठी आवश्यक असलेल्या २९ धावा विदर्भाने एक गडी गमावून पूर्ण केल्या. सामन्यात ८ बळी घेणारा गुरबानी सामनावीर ठरला.

संक्षिप्त धावफलक: दिल्ली २९५ व २८०, विदर्भ ५४७ व १ बाद ३२. विदर्भ ९ गडी राखून विजयी.

वैयक्तिक कामगिरी

फझलने हंगामात पाच शतकांसह ९१२ धावा केल्या. स्पर्धेत त्याच्यापेक्षा अधिक धावा केवळ मयंक अगरवालच्या (१,१६०) नावावर होत्या. संजय रामास्वामीने ७७५ धावा केल्या. अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या गुरबानीने अवघ्या सहा सामन्यांत ३९ बळी घेतले. त्यांतील निम्म्याहून अधिक बळी बाद फेरीच्या तीन सामन्यांतील होते. जाफरचे हे एकंदर नववे रणजी विजेतेपद ठरले.

अकोला व अमरावतीचा सहभाग

विदर्भाच्या क्रिकेटचे केंद्र प्रदीर्घ काळ नागपूर हेच राहिले आहे. प्रमुख मैदान, अकादमी आणि संघटनेचे मुख्यालय तेथेच असल्याने वऱ्हाडातील होतकरू खेळाडूंना निवडीसाठी आणि पुढील प्रशिक्षणासाठी नागपूर गाठावे लागते. या पार्श्वभूमीवर अंतिम सामन्यातील ठाकरेची निवड अकोल्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. या सामन्यानंतर लगेचच जानेवारी २०१८ मध्ये न्यूझीलंड येथे सुरू असलेल्या विश्वचषक स्पर्धेसाठी १९ वर्षांखालील भारतीय संघात त्याला बदली खेळाडू म्हणून पाचारण करण्यात आले.

अकोल्याचाच सलामीवीर अथर्व तायडे याने पुढील म्हणजे २०१८–१९ च्या हंगामात विदर्भाकडून प्रथम श्रेणीत पदार्पण केले. अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा हाही याच काळात विदर्भाकडून खेळत होता. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने भारताकडून टी-२० पदार्पण केले.

परिणाम

मार्च २०१८ मध्ये नागपूर येथे झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला. जाफरने २८६ धावा केल्या आणि पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने तो करंडकही जिंकला. २०१८–१९ च्या रणजी अंतिम सामन्यात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करून विदर्भाने विजेतेपद राखले. २०२३–२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून पराभव पत्करावा लागला. २०२४–२५ मध्ये मात्र केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर संघाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला.

२०१७–१८ च्या बाद फेरीत विदर्भाविरुद्ध शतके झळकाविणारे करुण नायर आणि ध्रुव शोरी हे दोघेही पुढे २०२३–२४ पासून विदर्भाकडून खेळू लागले. २०२४–२५ च्या अंतिम सामन्यात नायरने विदर्भासाठी ८६ व १३५ धावा केल्या. त्या सामन्यात विदर्भाचे नेतृत्व इंदूरचा शतकवीर अक्षय वाडकर करीत होता.