लोणच्याची बरणी आणि बल्हारा राजा

नांदेडच्या आमच्या जुन्या घरात, माजघरातल्या फडताळात, लोणच्याची एक चिनी मातीची बरणी असे. १९६२ साली दिवाळी आठवड्यावर आली असताना चीनने हल्ला केला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. फटाक्यांचे पैसे शाळेत संरक्षण निधीला दिले, घरी आलो आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन थेट त्या बरणीपाशी गेलो. शत्रूची वस्तू घरात नको!

आजी कंधारची. तिने माझा हात धरला नाही, की ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “फोड बाबा. पण लोणचं मग काय तुझ्या टोपीत घालू?”

बरणी वाचली. चीनविषयीचे माझे ज्ञान मात्र पुढे कित्येक वर्षे तेवढेच राहिले: शत्रू आणि बरणी.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यात असताना एका ग्रंथालयात एका अरबी पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर हाती आले. मूळ नाव ‘अखबार अल्-सीन वल्-हिंद’, म्हणजे चीन आणि हिंद येथील वार्ता. लिहिले गेले इसवी सन ८५१ मध्ये. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर ते पुष्कळ वर्षे चालले. तोच कर्ता असे आजचे अभ्यासक मानत नाहीत. इराणच्या आखातातून गलबते हाकीत चीनच्या खानफू बंदरापर्यंत, म्हणजे आजच्या ग्वांगचौपर्यंत, जाणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी जे पाहिले-ऐकले ते यात आहे. मार्को पोलो चीनला गेला तो यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. आणि त्याच्या पुस्तकात चहाचे नाव नाही!

या अरबांनी चहा बरोबर टिपला. एक कडवट, सुगंधी पाला, त्यावर उकळते पाणी ओतून लोक पितात, गावोगावी तो मोठ्या किमतीला विकला जातो, आणि मिठाबरोबर त्याचेही उत्पन्न राजाच्या तिजोरीत जाते. व्यापाऱ्याची नजर ती! पेय सांगता सांगता कर सांगून मोकळा. चिनी मातीची भांडी काचेसारखी इतकी पातळ, की आतले पाणी बाहेरून दिसते. (आमची बरणी त्यांतली नव्हे, तिच्यातून खारही दिसला नसता.) श्रीमंत असो की गरीब, मुलांना लिहायला शिकवतात. औषधे आणि त्यांचे रोग दगडी शिळेवर कोरून भर रस्त्यात उभे केलेले असतात, आणि गरिबाला औषधाचे पैसे सरकारी खजिन्यातून मिळतात. परदेशी प्रवाशाजवळ दोन परवाने असत: एकात त्याचे नाव-गाव, दुसऱ्यात त्याच्याजवळचा पैसा आणि माल. वाटेत काही हरवले किंवा माणूसच दगावला, तर ती चीजवस्तू परत मिळावी म्हणून. अधिकाऱ्याच्या डोक्यावर घंटा टांगलेली, तिची दोरी दूर रस्त्यापर्यंत नेलेली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ती ओढावी.

नाक मुरडण्याच्या जागाही आहेत. चिनी लोक शौचाला पाणी न वापरता कागद वापरतात, हे त्याला मुळीच रुचलेले नाही. हिंदी माणूस दात घासून, अंघोळ करून मगच जेवतो, चिनी तसे करीत नाही, हेही तो नोंदवतो. हे वाचून माझ्यासारख्याची कॉलर ताठ होते. पण ही माहिती चीनविषयी जेवढी, तेवढीच सांगणाऱ्याविषयी आहे. पाणी आणि स्नान यांनी माणसाची पारख करणारा तो अरब तिथे स्पष्ट दिसतो.

आणि एका पानावर मी थबकलो. जगातले चार थोर राजे कोणते? पहिला अरबांचा, दुसरा चीनचा, तिसरा रूमचा, आणि चौथा बल्हारा, टोचलेल्या कानांच्या लोकांचा राजा! आजोबांच्या कानातली भिकबाळी डोळ्यांसमोर आली. बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांची पदवी. ८५१ साली गादीवर होता अमोघवर्ष. त्याची राजधानी मालखेड, आज कर्नाटकात. पण त्याच्या ८६६ च्या शिलालेखांत त्याला ‘लट्टलूरपुरपरमेश्वर’ म्हटले आहे. लट्टलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक विद्वान मानतात. याच घराण्यातला तिसरा कृष्ण स्वतःला कंधारपुराचा स्वामी म्हणवी. म्हणजे माझ्या आजीचे माहेर! हे राजे मराठी की कानडी हा वाद आमच्याकडे जेवणाच्या पंगतीतही रंगतो. अमोघवर्षाच्या नावावरचा ‘कविराजमार्ग’ कानडी आहे, इतके सांगून मी पुढे जातो.

स्तुतीही पारखूनच घ्यावी. बल्हारा अरबांवर प्रेम करतो, असे तोच लेखक सांगतो. ज्याच्या राज्यात आपला माल सुखरूप राहतो तो राजा थोर वाटणारच. चीनही त्याने मुख्यतः बंदरातून पाहिला, आणि तो सुखाच्या दिवसांत. त्यानंतर तीस वर्षांच्या आत हुआंग चाओ या बंडखोराच्या सैन्याने खानफू लुटले आणि तिथले परदेशी व्यापारी कापून काढले. पुस्तकाचा दुसरा भाग पुढे अबू झैद याने लिहिला, त्यात मृतांचा आकडा १ लाख २० हजार दिला आहे. आकडा फुगलेला असेल. पण त्या दिवशी ती घंटा कोण वाजवणार होते?

गेल्या वर्षी दिवाळीला धाकट्या बहिणीकडे लातूरला गेलो. गंजगोलाईच्या त्या सोळा रस्त्यांच्या गर्दीतून वाट काढीत, मांडीवर बरणी सांभाळीत घरी पोचलो. तिच्या नातवाला शाळेत चीनवर चार पाने लिहायची होती. त्याला बल्हाराची गोष्ट सांगितली. “म्हणजे आपल्या लातूरचं नाव त्या पुस्तकात आहे?” त्याने विचारले. नाही, नाव नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे लागले. तो जरा हिरमुसला, आणि मग घंटेचे चित्र काढू लागला.

बहीण चहा गाळता गाळता म्हणाली, “तसली दोरी २०१६ च्या उन्हाळ्यात इथं पाहिजे होती. मिरजेहून पाण्याची रेल्वे येईपर्यंत हात सुजले असते लोकांचे!”

मग तिने बरणी उन्हात नीट वाळवून घेतली, लिंबाचे लोणचे भरले, तोंडाला दादरा बांधला आणि मला बजावले, “महिनाभर हात लावायचा नाही, दादा. मुरू दे.”