बंद पडलेल्या संस्थेचं कार्ड

अंदमानातल्या स्वराजद्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, डायव्हिंग सेंटरची सकाळ समुद्रात नाही, टेबलावर सुरू होते. बोट सुटायच्या आधी फॉर्म भरून घ्यायचे, दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन असले प्रश्न विचारायचे, फिन्सचं माप घ्यायचं आणि कार्ड बघायचं. त्या टेबलामागे बसून मी बरीच कार्डं पाहिली आहेत. बहुतेक पॅडी नाहीतर एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांची, आणि हल्ली तीही मोबाइलवरच दाखवतात. नंबर संस्थेच्या वेबसाइटवर टाकला की नाव, पातळी, तारीख समोर येते. चहा निवायच्या आत काम उरकतं.

अडतं ते एखादं पिवळं पडलेलं, कोपरे झिजलेलं प्लास्टिकचं कार्ड पुढे आलं की. एका अमेरिकन आजोबांनी असंच कार्ड टेबलावर ठेवलं. वर नाव होतं वायएमसीएचं. आमच्या नव्या पोराने ते उलटसुलट केलं आणि हळूच मला विचारलं, ‘‘दादा, हे हॉस्टेलचं ओळखपत्र आहे का?’’

त्याची काय चूक? आपल्याला वायएमसीए म्हटलं की हॉस्टेल आणि बास्केटबॉलच आठवणार. पण अमेरिकेत याच संस्थेने 1959 साली देशभर स्कूबा शिकवायला सुरुवात केली होती. पॅडीचा जन्म त्यानंतरचा, 1966 चा. वायएमसीएच्या तलावांत पिढ्या शिकल्या आणि 2008 संपताना संस्थेने हा कार्यक्रम गुंडाळला.

मग आजोबांच्या कार्डाचं काय?

काहीच नाही, ते चालतं. हौशी डायव्हिंगचं कार्ड हा ड्रायव्हिंग लायसन्ससारखा सरकारी परवाना नव्हे. ते खासगी संस्था देतात. अमक्या तारखेला, अमक्या इन्स्ट्रक्टरसमोर, या माणसाने ठरलेली कौशल्यं करून दाखवली, एवढंच त्यावर म्हटलेलं असतं. संस्था पुढे राहिली काय, गेली काय, जे घडलं ते घडलं. मूळ डायव्हर कार्डाला मुदतही नसते. शिवाय पातळ्यांना आंतरराष्ट्रीय मानक आहे. स्वतंत्रपणे, जोडीदारासोबत डाइव्ह करणाऱ्यासाठी आयएसओ 24801-2. त्यामुळे संस्थेचं नाव अनोळखी असलं तरी पातळीचा अंदाज बांधता येतो.

खरी पंचाईत कार्ड हरवलं तर होते. नंबर कुठे टाकायचा? इथे बंद पडण्याच्या पद्धतीवर सगळं अवलंबून असतं. वायएमसीएने आपली दप्तरं चक्क पॅडीकडे सोपवली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच कपाटात. वायएमसीएच्या इन्स्ट्रक्टरांपैकी काहींनी स्कूबा एज्युकेटर्स इंटरनॅशनल नावाची नवी संस्था काढून जुनी शिकवण चालू ठेवली. एनएएसडीएस ही आणखी एक जुनी अमेरिकन संस्था 1999 साली एसएसआयमध्ये विलीन झाली. तिथे तर वारस सरळच ठरला. पण एखादी छोटी संस्था दप्तर कुणाकडेही न देता बंद झाली, तर उरतं ते तुमच्या पाकिटातलं कार्ड आणि लॉगबुकातली इन्स्ट्रक्टरची सही.

खरा फटका बसतो इन्स्ट्रक्टरला. त्याला दरवर्षी फी भरून नूतनीकरण करावं लागतं, विमा काढावा लागतो. संस्था गेली की जुन्या नावाने नवं कार्ड देण्याचा त्याचा अधिकार संपतो. वीस वर्षं शिकवलेल्या माणसालाही दुसऱ्या संस्थेचा क्रॉसओव्हर, म्हणजे तिचा इन्स्ट्रक्टर होण्याचा कोर्स, करावा लागतो, तोही पदरचे पैसे मोडून. अर्ध्यात अडकलेल्या विद्यार्थ्यांचे हाल वेगळेच. तलावातला भाग झाला, समुद्रातल्या डाइव्ह राहिल्या आणि कार्ड छापणारं कुणी उरलं नाही. म्हणून शिकणाऱ्यांनी इन्स्ट्रक्टरकडून झालेल्या प्रत्येक सत्राची सही त्याच दिवशी घेऊन ठेवलेली बरी.

आजोबांना आम्ही निमो रीफला चेक डाइव्हसाठी नेलं. किनाऱ्यावरूनच चालत आत शिरायचं, चार-पाच मीटर खाली वाळू. उतरण्याआधी त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह स्वतः उघडला आणि प्रेशर गेजकडे बघत रेग्युलेटरमधून दोन-तीन मोठे श्वास घेतले. काटा हलला नाही. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल तर श्वासागणिक काटा खाली जातो. नवखी माणसं हे हमखास विसरतात.

खाली गुडघे टेकून मास्कमध्ये अर्धं पाणी घेतलं, वरची कड दाबून नाकाने एकाच फुंकरीत बाहेर काढलं. रेग्युलेटर तोंडातून काढून सोडला, उजवा हात मागून वळसा घालून आणला, तो पुन्हा सापडला. सगळं कसं निवांत. मग मी ‘हवा संपली’ची खूण केली. हल्ली प्रत्येकाकडे जोडीदारासाठी दुसरा, पिवळा रेग्युलेटर असतो, तो पुढे करायचा असतो. आजोबांनी पापणी न लवता स्वतःच्या तोंडातला काढून माझ्या तोंडापुढे धरला. एकाच रेग्युलेटरवर दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, हे त्यांच्या काळचं शिक्षण. हात ते विसरले नव्हते. वर येऊन पिवळ्या रेग्युलेटरचा सराव दोनदा करून घेतला आणि दुपारच्या बोटीत त्यांचं नाव लिहिलं.

म्हणून संस्था जिवंत आहे की नाही याची चिंता मला फारशी वाटत नाही. शिकून किती काळ झाला, मध्ये काय बदललं, शेवटची डाइव्ह कधी केली, हे मी आधी विचारतो. चालू संस्थेचं चकचकीत कार्ड घेऊन आलेला पण पाच वर्षं पाण्यात न उतरलेला पाहुणा मला जास्त घाबरवतो.

एका ठिकाणी मात्र मी हात आखडता घेतो, नायट्रॉक्सला, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेला. 32 टक्के ऑक्सिजनची टाकी हवी असेल तर ॲनालायझर लावून टक्केवारी स्वतः मोजायची, टाकीवरच्या चिकटपट्टीवर ती आणि 33 मीटरची खोलीमर्यादा लिहायची, खाली सही करायची. याहून खोल गेलं तर ऑक्सिजनचा दाब धोक्याच्या रेषेपार जातो. इथे कार्ड पडताळता आलं नाही तर मी साधी हवाच देतो. कुणी रुसलं तरी चालेल.

आपल्याकडून येणाऱ्या मंडळींचा घोळ निराळा. मालवणला, तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून एकदा खाली जाऊन आलेले लोक तिथला फोटो आणि छापील प्रमाणपत्र अभिमानाने दाखवतात. अनुभव खरा, आनंदही खरा, पण ते डायव्हर कार्ड नव्हे. ते देणारी संस्था शंभर वर्षं चालली तरी नव्हे. कोर्स वेगळा, त्यात थिअरी, तलावासारख्या शांत पाण्यातला सराव, समुद्रातल्या डाइव्ह आणि परीक्षा असते. तारकर्लीत तोही करता येतो.

तुमच्याकडे खरं कार्ड असेल तर आजच एवढं करा. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि फोनबाहेर कुठेतरी ठेवा. संस्थेच्या वेबसाइटवर तुमची नोंद दिसते तोवर तिचाही स्क्रीनशॉट घ्या. इन्स्ट्रक्टरचा नंबर लिहून ठेवा. आणि लॉगबुक भरा, प्रत्येक डाइव्हला सही घ्या. संस्थेचं दप्तर गेलं तर टेबलामागच्या माणसाला दाखवायला तेवढंच हातात राहतं.