सुईची भीती आणि स्वमग्न माणूस : ‘घाबरू नकोस’ एवढं का पुरत नाही

आजचा विषय आहे सुईची भीती, आणि तीही स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक माणसाची. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं इथं काय काम, असं कुणी विचारेल. पण भीती म्हणजे काय आणि ती कशानं जाते, हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न आहे.

वेदान्तातला दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. अंधारात दोरी पाहिली, साप वाटला, छाती धडधडली. दिवा आणला, दोरी आहे हे कळलं, भीती गेली. म्हणजे भीतीचं मूळ अज्ञान आणि तिचं औषध ज्ञान. लसीच्या दिवशी आपण घरोघरी हेच औषध देतो : ‘काही होत नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटतं.’

पण सुई म्हणजे दोरी नव्हे. ती खरोखरच टोचते. आणि ‘स्वमग्न’ हा शब्दही आपल्याला थोडा फसवतो. हा माणूस स्वतःतच बुडालेला, बाहेरचं त्याला काही लागत नाही, असं आपण धरून चालतो. पुष्कळांच्या बाबतीत नेमकं उलटं असतं. बाहेरचं जग त्यांच्यावर जास्तच आदळतं. ट्यूबलाइटची गुणगुण, स्पिरिटचा वास, ओल्या कापसाचा गार स्पर्श, शेजारच्या बाळाचं रडणं. सुई यायच्या आधीच सहनशक्ती संपलेली असते. काहींना वेदना कमी जाणवते किंवा सांगता येत नाही, हेही खरं. सगळे एकसारखे नसतात.

इथं दोन भीती वेगळ्या करू. एक आईबापांची : लसीमुळे ऑटिझम होतो का? १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवर आधारलेला एक लेख आला आणि ही शंका जगभर पसरली. २०१० मध्ये त्या नियतकालिकानंच तो लेख मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध त्यात आढळला नाही. या भीतीला ज्ञानाचा दिवा पुरतो. दुसरी भीती स्वतः स्वमग्न माणसाची. तिला तेवढा दिवा पुरत नाही, कारण ती शरीरात बसलेली असते.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी ती होती आणि शाळाशाळांतून लस दिली गेली. मोहीम गरजेचीच होती. पण समजा, सेलूकडचा एक बारा वर्षांचा स्वमग्न मुलगा अशा रांगेत उभा आहे. रोजचा तास मोडलाय, पुढची मुलं रडतायत, आपला नंबर केव्हा येणार माहीत नाही. तो पळाला, तर चौघं त्याला धरतात. लस दिली जाते खरी, पण त्या दिवशी तो काय शिकतो? पांढरा कोट दिसला की पळायचं, हेच.

याची किंमत पुढं मोजावी लागते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. कापणीत विळा लागतो, दाढ सुजते, रक्त तपासायचं असतं. आणि दृष्टान्तातला नव्हे, खरा साप चावला तर त्यावरचं औषध शिरेतूनच द्यावं लागतं. त्या घडीला समजूत काढायला वेळ नसतो. म्हणून विश्वास साध्या दिवसांतच कमवून ठेवायचा.

तो कसा कमवायचा? पहिली गोष्ट, खरं बोलणं. ‘दुखणार नाही’ म्हणू नका. ‘टोचेल, मी पाच मोजेपर्यंत संपेल’ असं म्हणा, आणि पाचातच संपवा. ‘बाजारात जाऊ’ म्हणून दवाखान्यात नेणं तर कधीच नको. शब्द शब्दशः घेणाऱ्या माणसाशी आपला शब्द खोटा ठरला, की पुढचे सगळेच खोटे ठरतात.

दुसरी, आधी दाखवणं. उपकेंद्राचे फोटो काढा : दार, खुर्ची, सिस्टर, सुई, घर. क्रमानं लावून रोज बघा. मग एक दिवस नुसतं जाऊन खुर्चीवर बसून या. पुढच्या वेळी नुसता कापूस लावून या. पायरी पायरीनं शरीर शिकतं. घाई केली तर पुन्हा पहिली पायरी.

तिसरी, त्याच्या हातात काहीतरी ठेवणं. कोणता दंड, बसून की आडवं, बघायचं की नाही, हे त्यानं ठरवावं. कानाला आवाज अडवणारं काही लावू द्या. आशाताईंना आधी सांगून गर्दी नसतानाची वेळ घ्या. कातडी बधिर करणारं मलम मिळतं. डॉक्टरांना विचारून साधारण तासभर आधी लावावं लागतं.

काहींना सुई किंवा रक्त पाहून घेरी येते. तिथं रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून ‘अंग सैल सोड’ हा सल्ला उलटा पडतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर एक पद्धत मांडली : हातापायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, चेहऱ्याला ऊब आली की सोडायचे, थोडं थांबून पुन्हा. टोचायचा हात तेवढा सैल ठेवायचा.

हे सगळं मागणं म्हणजे लाड नव्हेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य द्यावं, असं त्याचं २५ वं कलम सांगतं. कोविडच्या वेळी, सप्टेंबर २०२१ मध्ये, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरी लस द्यायची केंद्रानं मुभा दिली होती. आणि २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध मात्र सरकार घालू शकतं. देह ज्याचा त्याचा, हे त्यामागचं तत्त्व. सज्ञान स्वमग्न माणसाला म्हणूनच आधी विचारायचं. त्याच्या आईला नव्हे.

थोडक्यात, भीती जावी म्हणून आपण थांबलो तर लस राहूनच जाईल. भीती असतानाही माणसाला ती खुर्ची झेपावी, एवढं आपल्या हातात आहे. आता प्रश्न घेऊ.