बागेंतील पाला आणि बिनतारी फुंकणी

माघ सरतां सरतां पुण्या-नागपूरकडील बंगल्यांच्या आवारांत पानगळीला प्रारंभ होतो आणि चैत्रपालवी फुटेपर्यंत ती थांबत नाहीं. जंगली बदामाचीं वीतभर पानें, शिरिषाची बारीक भुकटी, आंब्याचा ताठ, करकरीत पाला, प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. सकाळीं खराट्यानें लख्ख केलेलें अंगण दुपारच्या वाऱ्यानंतर पुन्हां पूर्ववत् दिसूं लागतें. माळी रोज येत नाहीं, वडील मंडळींच्या कमरेस वाकणें सोसत नाहीं, आणि तरुण मंडळी कचेरीस गेलेली असतात. अशा घरांतून अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या ‘लीफ ब्लोअर’ची, म्हणजे पाला फुंकून एकीकडे करणाऱ्या यंत्राची, चौकशी होऊं लागली आहे. बाजारांत त्याचे प्रकार पुष्कळ. गिऱ्हाईक बहुधा सर्वांत मोठा आकडा छापलेला डबा उचलतें, आणि तेथेंच फसतें.

या यंत्राचा जन्म पाला झाडण्यासाठीं झाला नाहीं. पिकांवर औषध फवारण्याचीं, पाठीवर बांधावयाचीं जीं यंत्रें होतीं, त्यांतून तें निपजलें. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत अवर्षण पडलें, नळीच्या पाण्यानें अंगणें धुणें गैर ठरूं लागलें, आणि पाण्याची जागा वाऱ्यानें घेतली. पण त्याचा गोंगाट लोकांस लवकरच असह्य झाला. कार्मेल-बाय-द-सी या गांवानें १९७५ सालीं आणि बेव्हर्ली हिल्सनें १९७८ सालीं त्यास बंदी केली. गोंगाटापाठोपाठ धुराचा प्रश्न उभा राहिला. पेट्रोलवरील एक धंदेवाईक ब्लोअर तासभर चालविला असतां धुरकें निर्माण करणारीं जेवढीं द्रव्यें हवेंत मिसळतात, तेवढीं मिसळण्यास मोटारगाडी सुमारें १,१०० मैल हांकावी लागेल, असा हिशेब कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळानें मांडला. त्या राज्यानें २०२१ सालीं कायदा करून २०२४ पासून तयार होणाऱ्या अशा नव्या यंत्रांस धूररहित असण्याची अट घातली. वॉशिंग्टन शहरांत तर पेट्रोलवरील ब्लोअर वापरण्यासच १ जानेवारी २०२२ पासून मनाई झाली. बॅटरीच्या ब्लोअरचें भाग्य उजळलें तें यामुळें. नभोवाणीच्या श्रोत्यांस ‘बिनतारी’ हा शब्द निराळ्या अर्थानें परिचित आहे. येथें त्याचा अर्थ एवढाच कीं, मागें विजेची तार फरफटत न्यावी लागत नाहीं.

डब्यावर बहुधा दोन आंकडे ठळक छापलेले असतात. एक, मिनिटास किती घनफूट हवा बाहेर पडते तो; दुसरा, ती किती वेगानें पडते तो. दुकानदार वेगाचा आंकडा पुढें करतो, कारण ताशीं दीडशें मैल म्हटल्यानें मनावर छाप पडते. परंतु स्वयंपाकघरांतील फुंकणी आणि सूप या दोन वस्तु डोळ्यांपुढें आणल्या म्हणजे खरा भेद ध्यानांत येतो. फुंकणीच्या अरुंद नळींतून निघालेली हवा वेगवान, पण थोडी; ती निखाऱ्यावर नेमकी बसते. सुपाचा वारा संथ, परंतु रुंद. तो सगळें फोलपट एकदम उडवितो. बागेचा पाला हें सुपाचें काम आहे. फरशीच्या सांधींत अडकलेल्या काड्या हें फुंकणीचें.

यांतील गणित सोपें आहे व तें समजून घेण्याजोगें आहे. वाऱ्याचा धक्का हा दर सेकंदास सुटणाऱ्या हवेचें वजन आणि तिचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, आणि तो ‘न्यूटन’ या मापांत सांगतात. मिनिटास ३५० घनफूट हवा ताशीं १०० मैल वेगानें सोडणाऱ्या यंत्राचा धक्का सुमारें ९ न्यूटन भरतो. तळहातावर ९०० ग्रॅमचें वजन ठेवावें तेवढा. आतां निम्मी हवा दुप्पट वेगानें सोडली, तरी धक्का तितकाच राहतो. विजेचा खर्च मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तो दुप्पट होतो. म्हणजे केवळ वेगाची फुशारकी मारणारें यंत्र तेवढ्याच कामासाठीं बॅटरी दुप्पट खातें. कांहीं उत्पादक न्यूटनचा आंकडा देतात. तो दिला असेल तर बाकीचे आंकडे बाजूस ठेवून तोच पाहावा. घरगुती बागेस ८ ते १२ न्यूटन पुष्कळ झाले. ओल्या पाल्याच्या थरास याहून अधिक लागतात, पण पावसाळ्यांत चिखलास चिकटलेलें पान कोणत्याच फुंकरीला दाद देत नाहीं आणि विजेचें यंत्र पावसांत नेणें शहाणपणाचेंहि नाहीं. आषाढ-श्रावणांत खराटाच बरा.

बॅटरीच्या बाबतींत तर आकड्यांचा खेळ याहून मोठा. लिथियम-आयन घट १९९१ सालीं बाजारांत आला आणि २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्याच्या तिघां शिल्पकारांस मिळालें. एवढ्या प्रतिष्ठित वस्तूचीहि बाजारांत विटंबना होते. अशा एका घटाचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट. पांच घट ओळीनें जोडले कीं १८ व्होल्ट होतात. नुकतेच भरलेले असतांना तेच पांच घट २० किंवा २१ दाखवितात. म्हणून ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट’ हीं बहुधा एकाच वस्तूचीं दोन नांवें होत. खरी शिदोरी कळते ती व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारावरून. १८ व्होल्टची ४ अँपिअर-तासांची बॅटरी आणि ३६ व्होल्टची २ अँपिअर-तासांची बॅटरी, दोहोंतहि ७२ वॅट-तासच वीज असते. वर सांगितलेलें यंत्र पूर्ण जोरांत ४०० वॅट घेतें असें धरलें तर ही शिदोरी अकरा मिनिटेंहि पुरती पुरत नाहीं! जाहिरातींतील ‘तासभर चालतो’ हें वाक्य बहुधा सर्वांत मंद गतीबद्दल असतें.

तथापि मंद गतीस कमी लेखण्याचें कारण नाहीं. पंख्याची गति सात-दशांशावर आणली कीं धक्का निम्मा होतो, पण विजेचा खर्च सुमारें एक-तृतीयांशावर उतरतो आणि अकरा मिनिटांचीं तीस मिनिटें होतात. बदामाचें सुकें पान उडण्यास निम्मा धक्का पुरेसा असतो. यास्तव ज्याचा घोडा दाबावा तसा जोर कमीजास्त होतो, असेंच यंत्र निवडावें. चालू आणि बंद एवढ्या दोनच अवस्था असलेलें घेऊं नये. मोटर ‘ब्रशलेस’, म्हणजे कोळशाचे ब्रश नसलेली, असावी. तींत घर्षण कमी, वीज थोडी वाया जाते आणि झिजून बदलावे लागणारे ब्रशच नसतात.

स्वस्त मालावर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ अशीं अक्षरें आढळतात. ते व्होल्ट नव्हेत. आंत बहुधा तेच पांच घट असतात. प्रचारांतील बोटाएवढ्या घटाचें वजन सुमारें ४५ ग्रॅम असतें, आणि तो उत्तम जातीचा असला तरी साडेबारा वॅट-तासांपलीकडे फारसें कांहीं देत नाहीं. तेव्हां बॅटरी हातांत घेऊन तोलून पाहावी. पावशेर-दीडपावशेर भरणारी बॅटरी अचाट शक्ति सांगूं लागली तर तिला नमस्कार करून परतावें. शिवाय यंत्राच्या किमतींतील मोठा वांटा बॅटरीचाच असतो. घरांत ड्रिल किंवा कुंपण कापण्याची कात्री असेल तर तिचीच बॅटरी बसणारा ब्लोअर घेण्यांत पुष्कळ पैसा वांचतो.

वजनाची परीक्षा दुकानांतच करावी. बॅटरीसह दोन ते तीन किलोचें यंत्र कागदावर हलकें वाटतें. पांच मिनिटें एका हातांत धरून नळी जमिनीकडे वळविली असतां मनगट काय म्हणतें तें पाहावें. साठी उलटलेल्या माणसास घ्यावयाचें असेल तर न्यूटनपेक्षां ही परीक्षा मोठी.

आवाजाचा विचार शेजाऱ्यासाठीं करावयाचा. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिनियमांत वसतीच्या भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. यंत्राचा छापील आंकडा अमेरिकन पद्धतीप्रमाणें बहुधा १५ मीटरांवरून मोजलेला असतो; अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्या जागेंत आवाज ६ डेसिबलनें उतरतो. अर्थात् ६५ डेसिबलचें यंत्र ३० मीटरांवर ५९ ऐकूं येतें. भिंतीस भिंत लागून असलेल्या पेठांतील घरांस हा हिशेब सुखावह नाहीं, आणि चालविणाऱ्याच्या कानाशीं तर आवाज याहून पुष्कळ मोठा असतो.

धुळीची गोष्ट याहून गंभीर. ब्लोअर पाल्याबरोबर मातीची धूळ, बुरशीचे कण, वाळलेली विष्ठा हेंहि वर उडवितो. घरांत दम्याचें माणूस असेल तर खिडक्या मिटाव्या, उघड्या मातीवर आधीं पाण्याचा हलका शिडकावा करावा, चालविणाऱ्यानें नाकातोंडास मास्क आणि डोळ्यांस चष्मा लावावा. फुलझाडांच्या वाफ्यांत तर नळी नेऊंच नये. तेथील कुजका पाला हें झाडांचें अन्न व गांडुळांचें पांघरूण आहे. जेथें अंगण दोन-तीनशें चौरस फुटांचें, तेथें हें सगळें कशाला? हिरांचा खराटा दहा मिनिटांत तें काम करतो. लांब फरसबंद वाट, गाडीची जागा, कौलांची पन्हळ आणि गच्ची, येथें मात्र यंत्र आपलें मोल वसूल करून देतें.

जमा झालेला पाला पेटवून देण्याची जुनी रीत आतां नियमानेंहि वर्ज्य आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेचा कचरा वेगळा ठेवण्यास सांगितलें. कोपऱ्यांत जाळीचें कुंपण करून त्यांत पाला दाबावा, अधूनमधून शेणपाणी शिंपडावें, म्हणजे कांहीं महिन्यांत खत होतें.

वैशाखांत वापरानंतर बॅटरी तापलेली असते. ती गार झाल्याखेरीज भरावयास लावूं नये. पावसाळ्यांत यंत्र माळ्यावर जातें, तेव्हां बॅटरी काढून सुमारें निम्मी भरलेली, सावलींत व कोरड्या जागीं ठेवावी. पूर्ण भरून उन्हाच्या पत्र्याखालीं ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि ती फुगली किंवा निकामी झाली तर कचऱ्याच्या बादलींत न टाकतां विक्रेत्याकडे परत न्यावी. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.