गाडीची वही काढा!

नौपाड्यात स्पोर्ट्स कार घेऊन करायचं काय, हा प्रश्नच आहे. राम मारुती रोडवर ती पहिल्या गिअरमध्ये रांगणार आणि भास्कर कॉलनीत पार्किंग शोधता शोधता अर्धी टाकी संपणार. म्हणून आपल्याकडची कॉलेजची स्पोर्ट्स कार दोन चाकांची असते. दादाने पहिल्या पगारावर घेतलेली करिझ्मा, काकाची पल्सर २२०, नाहीतर ओळखीतून स्वस्तात मिळालेली जुनी आर-१५. करिझ्मा आली २००३ मध्ये, पल्सर २२० आली २००७ मध्ये आणि आर-१५ त्याच्या पुढच्या वर्षी. त्या वेळी ज्यांच्याकडे वळून बघायचे, त्या गाड्या आज जिन्याखाली ताडपत्री पांघरून बसल्यात. आणि त्यातल्या एकीची चावी तुमच्या हातात आलीय.

अभिनंदन! आता एक वही आणा. मोबाइलवरची एक्सेल शीटही चालेल, पण गॅरेजमध्ये ग्रीस लागलेल्या हातांनी वहीच बरी पडते.

कारण घरी लवकरच तो संवाद होणार आहे. ‘या डबड्यावर किती घालवलेस आत्तापर्यंत?’ असं बाबा विचारणार आणि तुम्ही ‘फार नाही हो’ म्हणणार. दोघांपैकी कुणालाच खरा आकडा माहीत नसतो. त्यातच २०१०-११ मध्ये नोंदणी झालेल्या एमएच-०४, एमएच-०५ गाड्यांची १५ वर्षं आता भरत आलीत, काहींची भरलीही आहेत. पुढची पाच वर्षं गाडी ठेवायची की काढायची, हे अंदाजपंचे ठरवू नका.

सुरुवात मीटरपासून करा. जुन्या गाडीचा मीटर बंदच असतो आणि ‘चालतंय की’ म्हणून तो कुणी दुरुस्त करत नाही. वहीतला पहिला खर्च तोच असू दे, कारण किलोमीटर कळत नसतील तर बाकीचे आकडे नुसती बिलं आहेत. मग टाकी फुल करा आणि रीडिंग लिहा. मधे दोनशे-दोनशेचं पेट्रोल टाकलंत तरी हरकत नाही, फक्त लिटर लिहीत जा. परत कधीतरी टाकी फुल केलीत की मधले सगळे लिटर आणि हे शेवटचे लिटर मिळवा आणि झालेल्या किलोमीटरना त्या बेरजेने भागा. हे झालं तुमचं मायलेज. एका वेळचा आकडा फसवा असतो. गाडी साइड स्टँडवर लावून पेट्रोल भरलं की मेन स्टँडवर, यानेही फरक पडतो. चार-पाच वेळांची सरासरी धरा.

हा कंटाळवाणा आकडा गॅरेजवाल्याच्या कानाआधी आजार पकडतो. समजा, गाडी ३८ देत होती आणि आता ३६-३७ देतेय. घाबरू नका. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या दुचाकींचं मायलेज त्याने ३ ते ४ टक्के घसरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. पण ३८ वरून थेट ३१ वर आली, तर ते इथेनॉलच्या माथी मारू नका. एअर फिल्टर चोंदलाय, ब्रेक घासतोय, क्लच सरकतोय किंवा कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडतोय. यातलं बरंचसं काम काहीशे रुपयांत होतं. तसंच पुढची तीन महिने दामटवलीत तर इंजिन खोलायची वेळ येऊ शकते.

मायलेजइतकंच लक्ष ऑइलवर ठेवा. बदललं कधी, मधे किती टॉपअप केलं, हे लिहा. दर पाचशे किलोमीटरला पाव लिटर लागत असेल तर गाडी ऑइल पितेय, रिंग-पिस्टनचं काम येऊ घातलंय. पावसाळ्यात वंदना टॉकीजसमोरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तीही नोंद हवी. नंतर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तशी गाडी चालवू नका.

आता पैशांचं. सगळा खर्च एकाच रांगेत लिहिलात तर वही खोटं बोलायला लागते. मी तीन वेगळे रकाने करायला सांगेन. पहिला झिजेचा: चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, टायर, ऑइल. हे चालवणाऱ्याला कुठल्याही गाडीवर लागणारच. दुसरा थकबाकीचा, म्हणजे आधीच्या मालकाने पुढे ढकललेली कामं: कडक झालेले रबरी पाइप, गळणारे फोर्कचे सील, हँडलचा ढिला कोन सेट. जुन्या गाडीचं पहिलं वर्ष महागात जातं ते या रकान्यामुळे. थकबाकी एकदाच फेडायची असते, म्हणून पहिल्या वर्षावरून गाडीला नावं ठेवू नयेत. पण एकच काम वर्षात दुसऱ्यांदा निघालं तर तिथे लाल खूण करा. पार्ट डुप्लिकेट होता, नाहीतर आजार भलताच होता. तिसरा रकाना हौसेचा. स्टिकर, एलईडी, आवाजाचा सायलेन्सर आणि त्या सायलेन्सरवर बसलेलं चलानसुद्धा. हा रकाना बाबांना दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा!

एक हिशोब करून बघू. पेट्रोल १०५ रुपये आणि मायलेज ३५, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये. वर्षाची दुरुस्ती समजा ९,००० आणि थर्ड पार्टी विमा करासकट १,६००. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवलीत तर एकूण २८,६०० रुपये, म्हणजे किलोमीटरला पावणेपाच रुपयांच्या आसपास. फक्त १,५०० चालवलीत तर तोच आकडा दहावर जातो. आता रिक्षाचा मीटर बघा: फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४. या गणिताने वर्षाला साधारण साडेसातशे किलोमीटरच्या खाली गाडी जात असेल, तर रिक्षाच स्वस्त. म्हणजे उभी ठेवून गाडी वाचत नाही. बॅटरी, टायर, रबर काही न करताही म्हातारे होतात. टायरवर चार आकडे असतात ते वाचा: ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी छान दिसत असली तरी तो टायर आता बदलायचाच. टायर आणि ब्रेकच्या बाबतीत ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही. घोडबंदर रोडवर तर नाहीच नाही.

पार्ट मिळतो का, यावर निम्मं आयुष्य ठरतं. खरीखुरी स्पोर्ट्स कार आपल्या शेजारीही बनली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली, गोव्यात बनलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी आणि आत रेनोचं ११४९ सीसी इंजिन. दिसायला झकास, पण विकल्या गेल्या मोजक्याच. अशा गाडीचा दिवा किंवा काच फुटली तर ती कुठल्या दुकानात मागायची? त्यामानाने पल्सरवाले नशीबवान. तिचे बरेच पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळून जातात. जुनी झेडएमआर घेणाऱ्यांनी मात्र आधी पार्टचे भाव आणि मिळण्याची खात्री करावी, मगच टोकन द्यावं.

‘गाडीच्या किमतीपेक्षा काम महाग, काढून टाक’ हा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धवट वाटतो. ब्लॉक-पिस्टनला समजा १२,००० लागले आणि त्यावर गाडी ३०,००० किलोमीटर चालली, तर किलोमीटरला ४० पैसे पडले. काम महाग आहे का, याचं उत्तर पुढच्या किलोमीटरमध्ये असतं. मात्र चासी गंजलीय, कागद दुसऱ्याच्याच नावावर आहेत आणि तो माणूस फोन उचलत नाही, अशा गाडीवर चार आणेही घालू नका. आणि एक गोष्ट वहीत कधीच दिसत नाही. कार्ब्युरेटरवाली बीएस-२, बीएस-३ गाडी आजच्या बीएस-६ पेक्षा जास्त धूर ओकते आणि तो गोखले रोडवर मागे उभ्या असलेल्याच्या नाकात जातो. पीयूसी नावापुरती काढू नका.

ठेवायचं ठरलं, तर आरसीवरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. दुचाकीला फी १,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा आणि उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये जादा. गाडी वीस वर्षांवरची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून हीच फी २,००० झालीय. आरटीओत जाण्याआधी एचएसआरपी नंबर प्लेट, विमा आणि पीयूसी तयार ठेवा, आणि इंडिकेटर चारही लागतायत ना, ते एकदा बघून घ्या.